१८० हर्ट्झचा मॉनिटर आणि माझे अनुस्वार

प्रुफं वाचून पोट भरणाऱ्या बाईने गेमिंग मॉनिटरवर लिहायचं म्हटल्यावर आमच्या चिरंजीवांना हसू आवरेना. "आई, तुला गेम कुठला येतो पण?" मी म्हटलं, "बदाम सात." तो म्हणाला, "लिही मग. फक्त माझं नाव घालू नकोस." नाव घालत नाही. पण मॉनिटरचे पैसे मी दिलेत आणि दिवसातले सगळ्यात जास्त तास त्याच्यासमोर मीच बसते, तेव्हा बोलायचा हक्क माझा.

आमचं घर गोरेगावला. वन बीएचके, माणसं चार, कॉम्प्युटर एक. सकाळी नऊपासून चारपर्यंत तो माझा. पुस्तकांची प्रुफं, आणि गणपती झाले की दिवाळी अंकांची. संध्याकाळी सातला सासूबाईंच्या बातम्या, कारण टीव्ही बिघडला तो आम्ही परत दुरुस्तच केला नाही. जेवणं आटोपली की लेकाचं व्हॅलोरंट, म्हणजे गेम. रविवारी दुपारी नवऱ्याचा सिनेमा. चार धन्यांचा एक चाकर म्हणतात तसं.

जुना मॉनिटर २२ इंची, साधा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठ वेळा पडदा ताजा करणारा (यालाच रिफ्रेश रेट म्हणतात). गेल्या पावसाळ्यात त्याच्या डाव्या अंगाला एक हिरवी उभी रेघ उमटली. रेघ नेमकी पानाच्या समासात यायची म्हणून मी तीन महिने तसेच काढले. शेवटी तिच्याशेजारी दुसरी आली आणि लेकाने संधी साधली. "घ्यायचाच आहे तर १८० हर्ट्झचा घे. गेमचं जाऊ दे, तुझ्या डोळ्यांना पण बरं." पोरं काही हवं असलं की आईच्या डोळ्यांची काळजी करतात, हे मला ठाऊक आहे.

खरेदीला मी एकटीच गेले, मुद्दाम. तो बरोबर असता तर बजेट माझं राहिलं नसतं. ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं आणि चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असतं, पण तो पत्ता सांगितला तर टॅक्सीवालासुद्धा दोनदा विचारतो. दुपारी साडेअकराला गेलात तर दुकानदाराला बोलायला वेळ असतो. शनिवारी संध्याकाळी गेलात तर तुम्ही खोकं उचलून घरी जायचं एवढंच.

तिसऱ्या दुकानातल्या पोराने दोन मॉनिटर शेजारी लावून दाखवले. एक साधा, एक १८० वाला. दोन्हीवर समुद्राखालच्या माशांचा तोच व्हिडिओ. "देखो मॅडम, एकदम मक्खन." मी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. मला दोन्हीकडे सारखेच मासे दिसले. मला वाटलं, वय झालं. घरी आल्यावर कळलं की व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रांचा होता. मॉनिटर १८० वेळा पडदा ताजा करायला तयार असला तरी व्हिडिओकडे नवीन द्यायला तीसच चित्रं. उरलेल्या वेळा तेच चित्र पुन्हा. रिक्षा सिग्नलला उभी करून तिचा वेग दाखवावा, तशातला तो प्रकार. तुम्ही दुकानात गेलात तर व्हिडिओ बंद करायला सांगा, माउसचा बाण गोल गोल फिरवा, एखादी खिडकी पकडून जोरात इकडून तिकडे ओढा. फरक असेल तर तिथे दिसेल.

घेतला तो २४ इंची, आयपीएस पॅनेलचा (हा पडद्याचा एक प्रकार), १९२० बाय १०८० पिक्सेलचा. १०,४०० रुपये, जीएसटीचं पक्कं बिल धरून. बिल नको असेल तर सहाशे कमी, असंही हळूच सांगून झालं. तीन वर्षांची वॉरंटी सहाशे रुपयांत सोडायची नव्हती. २७ इंची पण होता, दोन हजार जास्त, पण त्यावरही पिक्सेल तेवढेच. म्हणजे तेच पीठ मोठ्या परातीत. २४ इंचावर इंचाला ९२ पिक्सेल पडतात, २७ वर ८२ च्या आत. गेममध्ये शत्रू मोठा दिसतो हे खरं, पण मला 'घ' आणि 'ध' वेगळे दिसायला हवेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत; आणि या किमतीतले मॉनिटर एकाच आळीतली घरं असल्यासारखे आहेत, दार वेगळं, आत तेच.

खोकं लोकलनेच आणलं. दुपारची दीडची वेळ, लेडीज डबा निम्मा रिकामा, खोकं दोन सीटच्या मधल्या जागेत उभं. दादरला चढलेल्या एका बाईंनी विचारलं, "टीव्ही का?" मी म्हटलं, "नाही हो, कॉम्प्युटरचा पडदा." त्या म्हणाल्या, "मुलाने मागितला असेल." गाडीभर बायका हसल्या.

आता मुख्य गोष्ट, आणि ती सांगायला जरा लाज वाटते. मॉनिटर लावला, सगळ्यांनी वाहवा केली. नवरा म्हणाला, "फरक जाणवतो हं, एकदम स्मूद." सासूबाई म्हणाल्या, निवेदिकेच्या साडीचा रंग आता खरा दिसतो. मी म्हटलं, पानं वर सरकवताना हलकं वाटतंय. लेक म्हणाला, त्याचा नेम सुधारलाय. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी त्याचा मित्र आला, माउस दोनदा हलवला आणि म्हणाला, "काकू, हा साठवर चाललाय."

सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, आणि अगदी खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे रिफ्रेश रेटसमोर ६०. नवा मॉनिटर जोडला की कॉम्प्युटर बरेचदा ६० धरून बसतो. वर न्यायचं काम आपलं. ते आमच्यापैकी कुणी केलं नव्हतं आणि तरी चौघांना फरक जाणवला होता. लेकाचा नेमसुद्धा सुधारला होता! त्या संध्याकाळी घरात कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं.

यादीत सगळ्यात वरचा आकडा १४४ होता. खोक्यावर ठळक १८०, माहितीपत्रकात बारीक अक्षरात: एचडीएमआयवर १४४, डिस्प्लेपोर्टवर १८०. मॉनिटर कॉम्प्युटरला जोडायच्या या दोन तऱ्हा. आणि खोक्यात केबल दिलेली एचडीएमआयची. बारीक अक्षरं वाचणं हा माझा धंदा, आणि तेच मी वाचलं नव्हतं. साडेतीनशेची डिस्प्लेपोर्ट केबल आली तेव्हा कुठे १८० दिसलं. घेणाऱ्याने हे साडेतीनशे आधीच किमतीत धरावेत.

आणि मग? मग पहिले दोन दिवस मला ते आवडलं नाही. माउसचा बाण फार चपळ झाला होता, हातून निसटल्यासारखा. वेग बदललेला नव्हता, पण पूर्वी बाण टप्प्याटप्प्याने उड्या मारत जायचा आणि माझ्या हाताला त्या उड्यांची सवय होती. आता तो मधल्या जागाही दाखवत होता. दोनदा मी चुकीच्या शब्दावर खूण केली. तिसऱ्या दिवशी ते विसरून गेले. चौथ्या दिवशी शेजारच्या जुन्या मॉनिटरवर गेले (तो मी टाकलेला नाही, हिरव्या रेघांसकट मूळ हस्तलिखित उघडायला ठेवलाय) आणि बाण एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना डांबरी रस्ता संपून खडी लागल्यासारखं झालं. वर नेलेलं कळत नाही, खाली आणलेलं लगेच कळतं. जिना चढताना पायऱ्या मोजत नाही, पण उतरताना एक पायरी चुकली की काळजात धस्स होतं ना, तसं.

डोळ्यांचं म्हणाल तर दुकानातल्या पोराने आणि लेकाने जे सांगितलं त्यात अर्धवट तथ्य आहे. १९९९ मध्ये मी गिरगावातल्या एका छापखान्यात डीटीपी करायचे. काचेच्या जाड मॉनिटरचे दिवस. त्यात खरोखर पडदा दर वेळी उजळून विझायचा. ६० वर ठेवला की समोर पाहताना ठीक, पण मान वळवून शेजारणीशी बोलायला लागलं की डोळ्याच्या कोपऱ्यात पडदा फडफडायचा. नजरेच्या कडेला फडफड जास्त कळते. आमचा ऑपरेटर पहिलं काम हेच करायचा, ८५ हर्ट्झ. संध्याकाळची डोकेदुखी त्याने खरंच कमी झाली होती. पण आजचा एलसीडी तसा विझत नाही. नवं चित्र येईपर्यंत जुनं तसंच उजळ उभं असतं. म्हणून ६० च्या एलसीडीवर स्थिर पान वाचताना डोळ्यांना काही इजा नाही, आणि १८० वर स्थिर पान वाचलं तर काही जास्तीचं पुण्य नाही. थांबलेल्या पानाला हर्ट्झ नसतो.

फरक आहे तो हलत्या पानात, आणि तिथे माझे अनुस्वार येतात.

मी प्रूफ दोनदा वाचते. एकदा शब्दन् शब्द, आणि मग सगळं काम झाल्यावर एकदा नुसतं सरकवत, ज्याला मी घासणं म्हणते. घासताना अर्थ वाचत नाही, फक्त आकार बघते: सुटलेला अनुस्वार, पुढच्या अक्षरावर जाऊन बसलेला रफार, पहिली वेलांटी की दुसरी. माझ्या झूमवर अनुस्वाराचा ठिपका जेमतेम तीन पिक्सेलचा आहे. समजा पान सेकंदाला ४८० पिक्सेल या वेगाने वर चाललंय, म्हणजे साधारण अर्धा पडदा. ६० हर्ट्झवर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी थांबतं, पण माझा डोळा पानाबरोबर सरकत राहतो. त्यामुळे तो ठिपका डोळ्यात आठ पिक्सेल फरफटतो. तीनाचा ठिपका आठ फरफटला की अनुस्वार राहत नाही, धुरकट डाग होतो. १८० वर चित्र ५.६ मिलिसेकंदच थांबतं, फरफट तिनाच्या आत. ठिपका ठिपकाच राहतो. पूर्वी मी घासताना दर चार ओळींना थांबायचे, आता पान चालू असतानाच दिसतं. परवा एका कादंबरीत 'तिने' हवं तिथे 'तीने' पडलेलं मला पान सरकत असताना दिसलं. लेखकाला याचं काही वाटलं नाही, मला अर्धा दिवस वाटत राहिलं.

पण हे सुख ब्राउझरमध्ये. माझं पीडीएफचं जुनं सॉफ्टवेअर माउसचं चाक फिरवलं की तीन ओळींची उडी मारतं. मधली चित्रं ते काढतच नाही, तर मॉनिटर दाखवणार काय? तिथे १८० आणि ६० एकच. म्हणून आता मी प्रूफ ब्राउझरमध्ये उघडून घासते आणि खुणा जुन्या सॉफ्टवेअरमध्ये करते. माउसचीही तीच गोष्ट. माझा साधा यूएसबी माउस सेकंदाला सुमारे १२५ वेळा आपली जागा कळवतो, लेकाचा दिव्यांचा माउस हजार वेळा. १८० हर्ट्झच्या पडद्याला १२५ बातम्या मिळाल्या तर काही चित्रांत बाण जागचा हलत नाही. मी त्याचा माउस दुपारी वापरते. त्याला माहीत आहे, तरी विचारत नाही. मीही सांगत नाही.

१८० की १२०? ६० वरून १२० वर गेलं की दर चित्रामागे ८.३ मिलिसेकंद वाचतात. १२० वरून १८० वर गेलं की फक्त २.८. पहिली झेप मला आंधळेपणानेसुद्धा ओळखता येईल, दुसरी लेकाने डोळ्यांदेखत बदलून दाखवली तरी मी पाचातून तीनदाच बरोबर सांगितलं. शिवाय आमच्या मशीनवर १८० ठेवलं की नुसतं पान उघडं असतानाही पडद्यासाठी चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड गरम राहतं आणि मे महिन्यात त्या खोलीत एक पंखा पुरत नाही. १२० वर ते गप्प बसतं. म्हणून दिवसा १२०.

१२० चा आणखी एक गुण नवऱ्याच्या रविवारी कळला. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. ६० ला २४ ने भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा, असं लंगडत दाखवावं लागतं. कॅमेरा हळूहळू एका बाजूला वळत असेल तेव्हा दृश्य दचकत दचकत पुढे जातं ते यामुळे. १२० म्हणजे २४ पाचा, प्रत्येक चित्र बरोबर पाचदा. १४४ ही चालतो, सहा पट. १८० नाही, साडेसात पट येते. नवऱ्याला हे गणित सांगितलं तर तो म्हणाला, "मला कधीच दचकताना दिसलं नाही." दिसलं नसेल तर दाखवू नये, एकदा दिसलं की जन्मभर दिसतं. मी दाखवलं. आता तो पॉज करून करून बघतो आणि सिनेमा अडीचऐवजी साडेतीन तासांचा होतो.

सासूबाईंचा हिशोब वेगळा निघाला. त्यांची तक्रार होती की बातम्यांच्या तळाला जी पट्टी धावते ती धक्के देत धावते, वाचताना गरगरतं. आम्ही म्हणायचो, मोतीबिंदू. एकदा मी यूट्यूबवर राइट क्लिक करून तांत्रिक माहितीची चौकट उघडली, तर त्या वाहिनीचं थेट प्रक्षेपण सेकंदाला २५ चित्रांचं होतं. आपल्याकडे टीव्हीचा ठेका पूर्वीपासून २५ आणि ५० चा, जशी घरातली वीजही ५० हर्ट्झची. अमेरिकेत ६० ची वीज आणि टीव्हीला ३०. कॉम्प्युटरच्या पडद्यांनी ६० उचलला आणि सासूबाईंची पट्टी मधे अडकली. ६०, १२०, १८०, यांतल्या कशालाच २५ ने भाग जात नाही. पण यादीत १०० होता. लावला. त्यांना काही सांगितलं नाही. पाच मिनिटांनी म्हणाल्या, "आज पट्टी शहाण्यासारखी चाललीय." अकरा दिवस फसलेल्या आमच्या घरातली ही एकमेव निःपक्ष चाचणी, आणि ती पास केली एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईने.

गेमबद्दल मी ऐकीव आणि पाठीमागे उभं राहून पाहिलेलं सांगते. आमचं कार्ड जीटीएक्स १६५०, फार थोर नाही. व्हॅलोरंट हलका गेम आहे, त्यात ते दीडशेच्या पुढे चित्रं काढतं, तेव्हा १८० चा पडदा कामी येतो. कोपऱ्यावरून कुणी डोकं काढलं तर ते एक-दोन चित्रं आधी दिसतं म्हणतात. मुंबईतच सर्व्हर असल्यामुळे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, तसंही कमी असतं, त्यामुळे हरल्यावर दोष द्यायला आता त्याच्याकडे फार काही उरलेलं नाही. जड गेममध्ये मात्र तेच कार्ड पंचेचाळीस-पन्नासवर धापा टाकतं. तिथे १८० चा पडदा म्हणजे रिकाम्या स्टेशनात दर मिनिटाला घोषणा. चित्र मधेच फाटल्यासारखं दिसतं, भिंतीवर पोस्टरचे दोन तुकडे न जुळवता चिकटवावेत तसं, कारण पडदा अर्धा ताजा झालेला असताना कार्ड नवं चित्र पुढे करतं.

त्यावर उपाय म्हणजे पडद्यानेच कार्डासाठी थांबायचं. आमचं कार्ड ज्या कंपनीचं, त्या एन्व्हिडियाने २०१३ मध्ये ही सोय जी-सिंक नावाने आणली तेव्हा मॉनिटरमध्ये खास भाग बसवावा लागे आणि तो महाग पडे. तिची प्रतिस्पर्धी एएमडी, तिची फ्रीसिंक २०१५ ची, तिला तो भाग लागत नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये एन्व्हिडियानेही आपली कार्डं साध्या मॉनिटरशी जुळवून घ्यायला मोकळी केली, म्हणून आज दहा हजारांच्या मॉनिटरला हे जमतं. आमच्या कार्डाला या मॉनिटरवर ते फक्त डिस्प्लेपोर्टवरून जमतं. एचडीएमआय असेपर्यंत तो पर्यायच दिसत नव्हता. म्हणजे ती साडेतीनशेची केबल दुहेरी कामाची निघाली. या मॉनिटरची थांबायची तयारी ४८ पासून १८० पर्यंत. चित्रं ४८ च्या खाली गेली की तो प्रत्येक चित्र दोनदा दाखवून वेळ निभावतो. लेकाने चित्रांना १७५ चा लगाम घातलाय, वर गेलं की पुन्हा फाटतं म्हणून, आणि त्याने पंख्याचा आवाजही उतरला. रात्री साडेबाराला पलीकडच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाला हा मुद्दा चित्र फाटण्याहून महत्त्वाचा वाटतो.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी आधी.

दुसऱ्या महिन्यात मला दुपारी तीनच्या सुमाराला कपाळ दुखायला लागलं. पडदाही मंद वाटायचा. चष्म्याचा नंबर तपासला, तेवढाच. मग एकदा फोनने पडद्यावरच्या पानाचा फोटो काढताना फोनच्या चौकटीत काळ्या पट्ट्या वर सरकताना दिसल्या. लेकाला विचारलं तर तो ओशाळला. खोक्यावर 'एक मिलिसेकंद एमपीआरटी' असं लिहिलेलं असतं, ते मॉनिटरच्या मेनूतलं एक बटण आहे. ते सुरू केलं की मागचा दिवा प्रत्येक चित्रागणिक विझतो-पेटतो. फरफट जाते, पण पडदा निम्मा अंधारतो आणि १९९९ चा काचेचा मॉनिटर परत येतो. रात्री १८० वर त्याला ते चालून जायचं. सकाळी मी १०० नाहीतर १२० करायचे, म्हणजे दिवा आणखी सावकाश लुकलुकायचा, आणि मी सहा तास त्याच्यासमोर. बंद केलं, दोन दिवसांत कपाळ थांबलं. हे बटण चालू असताना पडदा कार्डासाठी थांबतही नाही, दोन्ही एकत्र चालत नाहीत. माझी तक्रार कंपनीशी एवढीच की हे सगळं जिथे छापलंय तिथे 'वाचनाच्या वेळी बंद ठेवा' ही चार शब्दांची ओळ नाही. मला द्यायचं होतं प्रूफ, मी घातली असती.

त्याच मेनूत ओव्हरड्राइव्ह आहे, पिक्सेलला रंग लवकर बदलायला लावणारा. सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवला तर काळी अक्षरं सरकताना त्यांच्यामागे पांढरी सावली निघते, खोडरबराने नीट न खोडल्यासारखी. मधल्या पायरीवर ठेवा आणि विसरून जा. मेनू चालवायला मॉनिटरच्या पाठीमागे एक इवलीशी काडी आहे, जी चाचपडत शोधावी लागते आणि दर चौथ्या वेळी मॉनिटरच बंद होतो.

स्टँडला उंची कमी-जास्त करता येत नाही, फक्त मान वरखाली होते. माझा मॉनिटर सध्या दोन जाड शब्दकोशांवर उभा आहे. त्यातला वरचा हवा असला की सगळा डोलारा उतरवावा लागतो, त्यामुळे मी हल्ली अंदाजानेच लिहिते. स्पीकर नाहीत. अंधाऱ्या दृश्यात उजव्या खालच्या कोपऱ्यात फिकट उजेड दिसतो, आयपीएसचा स्वभाव म्हणतात, स्वभावाला औषध नाही. दुकानाने खोकं उघडून पांढरा, काळा, लाल पडदा लावून मेलेला पिक्सेल नाही हे दाखवलं, ते मी मागितलं म्हणून. मागितलं नसतं तर दाखवलं नसतं; आणि एकदा उंबरठा ओलांडला की "सर्व्हिस सेंटरला जा" एवढंच उत्तर, हेही त्याने आधीच सांगून टाकलं. निदान खरं बोलला.

कुणी घ्यावा? घरात गेम खेळणारं कुणी असेल आणि कार्ड बेताचं का होईना पण असेल, तर १०,७५० रुपये, केबलसकट, योग्य आहेत. नुसतं टायपिंग, हिशोब आणि ईमेल असेल तर १०० हर्ट्झचा साधा मॉनिटर दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळतो आणि ६० च्या तुलनेत बरंचसं सुख देतो. उरलेल्या पैशांत उंची बदलणारा स्टँड घ्या, मानेला त्याचा जास्त उपयोग. ज्यांच्याकडे १२० चा फोन आहे आणि कॉम्प्युटर जडशीळ का वाटतो हे कळत नाही, त्यांनी आधी ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून पाहावं. मॉनिटर कदाचित आधीच ७५ किंवा १०० चा असेल आणि बिचारा साठवर राबत असेल. आमच्या इमारतीत मी दोन घरी जाऊन हे करून आले. एका घरी चहा मिळाला.

मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली आहे: दिवसा १२०, आजी १००, रात्री १८०, एमपीआरटी कधीच नाही. शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा.

गेल्या मंगळवारी रात्री ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट झाला. बुधवारी सकाळी मी एका कवितासंग्रहाचं दुसरं प्रूफ उघडलं, घासायला लागले आणि तिसऱ्या पानावर हात थांबला. अनुस्वार धुरकट दिसत होते. चष्मा पुसला. पुन्हा सरकवलं, बाण हाताच्या मागून येत होता. ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं, ६०. लेक कॉलेजला गेला होता. मी १२० केलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं.